घर विकायचं आहे : दलाल बरा की मोबाईल?

हळदीचा भाव एका वर्षी चुकला, तर पुढच्या वर्षी माणूस शहाणा होतो. पीक पुन्हा येते, पुन्हा विकता येते. घराचे तसे नाही. घर माणूस जन्मात एखाद्या वेळी विकतो. कित्येकांना ती वेळ येतही नाही. म्हणून घराच्या बाबतीत शहाणपण आधीच हवे.

आपल्या हिंगोली जिल्ह्यातली पुष्कळ मंडळी पोटापाण्यासाठी पुण्या-मुंबईला जातात आणि तिकडेच राहतात. गावचे घर बंद पडते. मग कुणी म्हणतो, ‘दलालाला सांगा.’ पोरगा म्हणतो, ‘दलाल कशाला? मोबाईलवर फोटो टाकतो.’ दोघांपैकी कुणाचे ऐकावे? आज आम्ही त्याचाच विचार करणार आहोत.

दलाल काय करतो?

दलाल गिऱ्हाईक शोधतो. घर दाखवतो. भावाची बोलणी करतो. कागदांसाठी तालुक्याला हेलपाटे घालतो. सौदा झाला तरच तो बहुधा पैसे घेतो. त्याची दलाली साधारण शेकडा एक किंवा दोन रुपये असते.

समजा, घर आठ लाखांना गेले. शेकडा दोनप्रमाणे दलाली झाली सोळा हजार. हे पैसे थोडे नाहीत. पण चांगला दलाल तेवढे काम करतो.

आता दुसरी बाजू पाहा. भाव पन्नास हजारांनी वाढला, तर तुम्हाला पन्नास हजार मिळतात. दलालाला मात्र एक हजारच जास्त मिळतो. त्या हजारासाठी तो दोन महिने कशाला थांबेल? ‘देऊन टाका, असं गिऱ्हाईक पुन्हा येणार नाही,’ असे तो म्हणतो, त्याचे एक कारण हे आहे.

आणखी एक धोका आहे. मोंढ्यात हळदीची बोली चारचौघांत लागते. सगळे ऐकतात. घराचा भाव मात्र बैलबाजारातल्या रुमालाखालच्या भावासारखा असतो. घेणाऱ्याला दलाल काय बोलला, ते विकणाऱ्याला कळत नाही. तुम्हाला सात लाख सांगायचे, त्याला आठ लाख सांगायचे आणि मधले लाख आपण ठेवायचे, असे करणारेही असतात. म्हणून इसार घेण्याआधी घेणाऱ्याला समोरासमोर भेटा. भाव त्याच्याच तोंडून ऐका.

२०१६ साली सरकारने रेरा नावाचा कायदा केला. बिल्डरच्या नोंदलेल्या इमारतीतली घरे विकणाऱ्या दलालाला त्याप्रमाणे नोंदणी करावी लागते. गावठाणातले जुने घर विकून देणाऱ्याला ही सक्ती नाही. तेव्हा दलाली किती, ती केव्हा द्यायची, हे तुम्हीच कागदावर लिहून घ्या. ‘दुसऱ्या कुणामार्फत विकणार नाही,’ असे मात्र लिहून देऊ नका.

मोबाईलवर काय होते?

मोबाईलवर घराची जाहिरात देता येते. ओएलएक्स, मॅजिकब्रिक्स अशा जागा त्यासाठी आहेत. २०१४ साली नोब्रोकर नावाची कंपनी निघाली. दलालाशिवाय मालक आणि गिऱ्हाईक यांची गाठ घालून देणे हा तिचा धंदा. तिचे काम पुणे, मुंबई अशा मोठ्या शहरांत चालते.

शहरात एका इमारतीत एकसारखी पन्नास घरे असतात. शेजारचे कितीला गेले, ते पाहून भाव समजतो. खेड्यात दोन घरे सारखी नसतात. एक मातीचे, एक सिमेंटचे. एकाला परसू आहे, एकाला वाट नाही. मोबाईल ते ओळखत नाही. शिवाय गावातले घर बहुतेक वेळा गावचाच माणूस घेतो. कधी शेजारी घेतो, कधी भावकीतला घेतो.

मोबाईलवर दलाली वाचते, पण दलालाचे काम आपल्या अंगावर येते. फोन आपणच घ्यायचे. घर आपणच दाखवायचे. माणूस खरा की खोटा, हेही आपणच पारखायचे.

विलायतेतही हा प्रयोग झाला. पर्पलब्रिक्स नावाची कंपनी शेकडा दलाली न घेता ठरावीक फी घेई. पण घर विकले तरी फी द्यायची आणि न विकले तरी द्यायची! कंपनी खूप वाढली, पुढे तोट्यात गेली. २०२३ साली ती अवघ्या एका पौंडाला दुसऱ्या कंपनीकडे गेली. मोबाईल वाईट, असा याचा अर्थ नाही. पण कुणी आधीच पैसे मागितले, तर घर न विकल्यास ते परत मिळतात का, एवढे विचारायला हवे.

ठगांपासून सावध

जाहिरात पाहून ठगही फोन करतात. ‘मी फौजेत आहे. घर न पाहताच पसंत आहे. इसार पाठवतो, तुम्ही फक्त पिन टाका,’ असे गोड बोलतात. ध्यानात ठेवा, पैसे घ्यायला पिन लागत नाही. पिन टाकला की आपलेच पैसे जातात. फसलात तर ताबडतोब १९३० या नंबरवर फोन करा.

कागद दोन्हीकडे लागतात

ग्रामपंचायतीचा नमुना नंबर ८ चा उतारा काढा. २०२० साली स्वामित्व योजना सुरू झाली. तिच्यात ड्रोनने गावठाणाची मोजणी करून मिळकत पत्रिका देतात. तुमच्या गावची झाली असेल तर ती घ्या. वडिलोपार्जित घरात बहिणींचा हक्क विसरू नका. २००५ च्या कायद्याने हिंदू घरांत मुलीला मुलाएवढाच हक्क आहे. तिची सही नसेल, तर सौदा कोर्टात अडकतो.

घराच्या सौद्यात वीस हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घेऊ नका. १ जून २०१५ पासून कायद्याने ते मना आहे. रक्कम बँकेतूनच घ्या. नुसत्या स्टँपवर सह्या करून घर विकले जात नाही. शंभर रुपयांच्या वरच्या मिळकतीचे खरेदीखत दुय्यम निबंधकाच्या कचेरीत नोंदवावेच लागते. सगळे पैसे खात्यात जमा झाल्याशिवाय ताबा देऊ नका.

मग करावे काय?

घर खेड्यात असेल, तर आधी शेजाऱ्याला आणि भावकीला विचारा. गावची जी मुले बाहेर आहेत, त्यांना मोबाईलवर फोटो पाठवा. त्याला पैसा लागत नाही. दोन-तीन महिने वाट पाहा. जमले नाही, तर दलालाला सांगा. घर हिंगोली, वसमत अशा गावी असेल, तर दोन दलालांना भाव विचारा आणि जाहिरातही द्या. पुण्यात फ्लॅट असेल, तर जाहिरात आधी द्यावी.

दलाल काय, मोबाईल काय, दोघेही फक्त गिऱ्हाईक दाखवतात. सही तुमची असते. म्हणून सही करण्याआधी कागद वाचा. आता तुम्हाला वाचता येते. त्याचा उपयोग अशा वेळी करायचा नाही, तर केव्हा करायचा?