जुन्या पिकअपचे वायरिंग आणि मीटर : ऑटो इलेक्ट्रिशियन बंधूंसाठी चालून आलेले काम

गॅरेज लाईनमधील आपल्या अनेक बांधवांची तक्रार असते की नव्या गाड्यांमध्ये सगळा कारभार कॉम्प्युटरचा झाला, हाताच्या हुन्नराला किंमत उरली नाही. तक्रार खोटी नाही. परंतु त्याच वेळी जुन्या गाड्या हौसेने सांभाळणारे गिऱ्हाईक वाढले आहे, आणि त्यांना टेस्ट लॅम्प व मल्टिमीटर घेऊन डॅशबोर्डखाली शिरणारा जुना कारागीरच लागतो. या कामात घाई करणाऱ्याची गाडी जळते आणि नाव जाते. म्हणून आज आम्ही जुन्या पिकअपचे वायरिंग बदलणे व तिचे मीटर नव्या व्होल्टेजवर आणणे, या एकाच कामाची माहिती देत आहोत.

उदाहरणासाठी शेव्हरोलेटची १९४७ ते १९५५ या काळातील पिकअप घेऊ. जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत शिवडी येथे गाड्यांची जोडणी सुरू केली आणि १९५४ साली ती बंद केली. त्यामुळे या घराण्याच्या गाड्या आपल्याकडे नवलाईच्या नाहीत.

आधी व्होल्ट आणि अर्थिंग पाहा

या पिकअप ६ व्होल्टच्या, निगेटिव्ह अर्थच्या होत्या. १९५५ साली नव्या मॉडेलबरोबर १२ व्होल्ट आले. फोर्डच्या त्या काळातील गाड्या मात्र ६ व्होल्ट आणि पॉझिटिव्ह अर्थच्या. त्या १९५६ च्या मॉडेलपासून १२ व्होल्ट, निगेटिव्ह अर्थ झाल्या. मधल्या एवढ्या वर्षांत गाडीवर कितीतरी हात फिरलेले असतात. म्हणून पुस्तकात काय लिहिले आहे यावर न जाता बॅटरी आणि अर्थिंगची पट्टी स्वतः तपासावी. अल्टरनेटर उलटा जोडला की त्याचे डायोड क्षणात जातात.

गिऱ्हाईक १२ व्होल्टच मागते, कारण ६ व्होल्टची बॅटरी आणि बल्ब सहज मिळत नाहीत. हिशेब साधा आहे. ६० वॅटचे दोन दिवे ६ व्होल्टवर २० अँपिअर ओढतात, १२ व्होल्टवर १० अँपिअर. म्हणजे जुनी जाड तार १२ व्होल्टला पुरून उरते. दोष तिच्या जाडीत नसून कापडाच्या आवरणात असतो. ते हाताने चुरगळले की भुगा होते आणि उघडी तार पत्र्याला लागते. असे वायरिंग टेप मारून चालवू नये, पूर्ण बदलावे.

बल्ब, इग्निशन कॉइल आणि हॉर्न १२ व्होल्टचे घ्यावेत. कॉइल बाहेरून रेझिस्टन्स लावण्याची असेल तर तो लावावाच, नाहीतर पॉइंट जळतात. ६ व्होल्टचा सेल्फ १२ व्होल्टवर चालतो, पण तो जास्त वेळ दाबून धरू नये हे मालकाला सांगून ठेवावे. सेल्फची जुनी जाड केबल चांगली असेल तर तीच ठेवावी.

कोणता मीटर विजेवर, कोणता नाही

या पिकअपमध्ये ऑइल प्रेशरचा मीटर बारीक नळीवर आणि तापमानाचा मीटर बंद नळीतील वायूच्या दाबावर चालतो. त्यांचा व्होल्टशी संबंध नाही. तापमानाची नळी कापली वा मुरगळली तर मीटर कायमचा गेला, म्हणून डॅश उतरवताना तिला सांभाळावे. अँपिअर मीटर करंट मोजतो, म्हणून तो दोन्ही व्होल्टवर चालतो. राहिला पेट्रोलचा काटा. खरे काम तिथेच आहे.

पेट्रोलचा काटा

टाकीतील फ्लोट वर-खाली झाला की रेझिस्टन्स बदलतो आणि काटा त्याप्रमाणे फिरतो. त्या काळच्या शेव्हरोलेटमध्ये टाकी रिकामी असता ० ओहम आणि भरली असता ३० ओहम असे माप आहे. १९६५ पासून जनरल मोटर्सने ते ० ते ९० केले. फोर्डच्या १२ व्होल्टच्या गाड्यांत उलट आहे : रिकामी ७३, भरलेली १० च्या आसपास. बाजारातील युरोपियन पद्धतीचे युनिट रिकामे १० आणि भरलेले १८० असते.

आता समजा, ३० ओहमच्या जुन्या मीटरला कोणी १० ते १८० चे युनिट लावले. टाकीत जेमतेम आठवा हिस्सा पेट्रोल असताना ३० ओहम होतील आणि काटा 'फुल' दाखवील. मालक घाटात अडकेल आणि परत आपल्याकडे येणार नाही. म्हणून मीटर आणि युनिट एकाच मापाचे हवेत.

बिघाड मीटरचा की टाकीचा, हे ओळखण्याची रीत अशी. इग्निशन चालू करून मीटरमागील टाकीकडे जाणारी तार सोडवावी. शेव्हरोलेटचा काटा 'फुल'च्या पलीकडे गेला पाहिजे. तीच जागा अर्थ केली की 'रिकामे' दाखवले पाहिजे. फोर्डमध्ये बरोबर उलटे होते, आणि तिथे तार जास्त वेळ अर्थ करून ठेवू नये. काटा असा नीट हलला तर मीटर चांगला. दोष तार, युनिट किंवा अर्थिंग यांत आहे. ही तपासणी डॅशपाशीच करावी. १९४९ नंतरच्या या पिकअपमध्ये टाकी सीटच्या मागे, केबिनमध्येच असते. टाकीजवळ ठिणगी पाडणे म्हणजे जिवाशी खेळ.

६ व्होल्टचा मूळ मीटर ठेवायचा असेल तर त्याच्या सप्लायमध्ये व्होल्टेज कमी करणारे युनिट लावावे. फोर्डच्या १२ व्होल्टच्या मीटरना सरासरी ५ व्होल्ट देणारा स्टॅबिलायझर असतो, इंग्लिश स्मिथ्स मीटरना १० व्होल्टचा. जुना पत्तीचा स्टॅबिलायझर बिघडला की सगळे काटे एकदम वर किंवा खाली जातात. त्याच्या जागी ७८०५ किंवा ७८१० आयसी चांगल्या हीट सिंकवर बसवता येते. टाकीच्या युनिटपासून चासीपर्यंत वेगळी अर्थिंगची तार मात्र न विसरता घालावी. रंगावर बसवलेले अर्थिंग हे निम्म्या बिघाडांचे मूळ असते.

अँपिअर मीटरचा धोका

जुना डायनमो ३०-३५ अँपिअरचा, आजचा साधा अल्टरनेटर ६० चा. एवढा करंट डॅशमागच्या जुन्या मीटरमधून आणि फ्यूज नसलेल्या तारेतून नेला तर आग तिथूनच लागते. अल्टरनेटरची १० चौरस मि.मी. ची तार मोठ्या फ्यूजमधून थेट बॅटरीवर न्यावी आणि व्होल्टमीटर बसवावा. गाडी बंद असता सुमारे १२.६ आणि चालू असता १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसले की चार्जिंग ठीक. डॅशच्या दिव्यांना एलईडी चालतो. चार्जिंगच्या दिव्याला साधा बल्बच ठेवावा, कारण काही अल्टरनेटर त्या बल्बमधून येणाऱ्या करंटवरच जागे होतात.

तारा ओढताना

जुनी तार काढण्यापूर्वी प्रत्येक टोकाला नंबर लावावा आणि कागदावर नकाशा काढावा. एका वेळी एकच सर्किट बदलावे. मीटरला १ चौरस मि.मी. आणि हेडलाईटला २.५ ची तार पुरते. हेडलाईट रिलेवर घ्यावेत म्हणजे जुना स्विच वाचतो. पत्र्यातून तार जाते तिथे रबर हवेच. शेवटी अर्थिंग तपासावे : सगळे दिवे चालू ठेवून बॅटरीचे निगेटिव्ह टोक आणि मीटरची बॉडी यांत ०.२ व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसू नये.

कागद आणि हिशेब

केंद्र सरकारने २०२१ साली मोटार वाहन नियमांत व्हिंटेज गाड्यांची वेगळी नोंदणी आणली. पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपातील गाडीला 'व्हीए' अक्षरांचा नंबर मिळतो. नियमाप्रमाणे नव्या नोंदणीस २०,००० रुपये आणि पुनर्नोंदणीस ५,००० रुपये फी आहे. नियम दुचाकी आणि खाजगी चारचाकी यांसाठी आहे, म्हणून मालवाहू म्हणून नोंदलेल्या पिकअपच्या मालकाने आधी आरटीओत विचारावे. चासी, बॉडी, इंजिन यांत बदल नको अशी अट आहे, तेव्हा डॅशला नवे भोक पाडण्यापूर्वी मालकाची लेखी संमती घ्यावी आणि काढलेले सर्व जुने भाग पिशवीत भरून परत द्यावेत.

या कामाला दिवस लागतात. म्हणून उक्ते न घेता तपासणी, सामान आणि मजुरी यांचा दर वेगळा लिहून द्यावा व बिलासोबत नकाशाची एक प्रत द्यावी. दुसरी प्रत दुकानात ठेवावी. हाताखालच्या पोरांना तो नकाशा काढायला लावावे. वायरिंग शिकण्याचा त्याहून चांगला मार्ग आम्हांला माहीत नाही.