शाहिराचे नाव कुठे आहे?

कला प्रतिष्ठानांनी संशोधनपत्रिका काढाव्यात आणि त्यांचे प्रकाशन व्याख्यानांनी, गाण्यांनी व्हावे, याचे आम्ही स्वागतच करतो. अशाच एका सोहळ्याला आम्ही गेलो होतो. आधी व्याख्याने झाली, मग आंबेडकरी जलसा. ढोलकीवर सभागृह डोलले, चित्रीकरणही झाले. घरी येऊन अंक चाळला. जलशावर भलामोठा लेख, तळटिपांची रेलचेल. पण गाण्यांखाली काय? ‘पारंपरिक गीत’. गाणारे कोण? ‘लोककलावंत’!

परंपरेने आम्हाला ही गाणी दिली नाहीत. ती आमच्या माणसांनी रचली. भीमराव कर्डकांचा जलसा नाशिक भागात १९३१ साली उभा राहिला आणि ज्यांना अक्षर दिसू दिले नव्हते त्यांच्यापर्यंत बाबासाहेबांचा विचार पोहोचला. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे वामनदादा कर्डक आयुष्यभर गावोगाव गात राहिले. विठ्ठल उमप २०१० साली दीक्षाभूमीवरील कार्यक्रमातच कोसळले आणि गेले. ही नावे गाळून संशोधन कसले करता?

कायद्याचे म्हणाल तर तो स्पष्ट आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे रचनेवरचा हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे राहतो. वामनदादा २००४ साली गेले. म्हणजे त्यांच्या गीतांवरचा हक्क २०६४ अखेरपर्यंत आहे. कलम ५७ रचनाकाराला नावाचा हक्क देते. गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचा हक्क १९९४ च्या दुरुस्तीने कायद्यात आला आणि २०१२ च्या दुरुस्तीने, कलम ३८-बी प्रमाणे, सादरकर्ता म्हणून आपली ओळख सांगितली जावी हा हक्कही त्यांना मिळाला. नाव छापणे ही कुणाची मेहेरबानी नव्हे.

आमच्या कलावंतांनाही सांगणे आहे. मानधनाच्या पावतीबरोबर पुढे सरकवलेल्या कागदावर न वाचता सही करू नका. त्यात चित्रीकरणाचे सारे हक्क लिहून घेतलेले असू शकतात. कागद मराठीत मागा, त्याची प्रत घ्या, चित्रीकरणाचीही प्रत मागा. प्रत्येक गाण्याखाली रचनाकाराचे आणि गायकाचे नाव व गाव आलेच पाहिजे, ही अट आधीच लेखी घाला. कार्यकर्त्यांनी आपल्या भागातील शाहिरांच्या वह्या शोधून नावानिशी नोंदवाव्यात. वह्या वाळवीने खाल्ल्या तर मग कोणत्याच न्यायालयात पुरावा उरणार नाही.

बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी पत्र काढले ते मुक्यांना बोलते करण्यासाठी. आज बोलत्या-गात्या माणसांना छापील पानावर मुके केले जात असेल, तर त्या पत्रिकेच्या प्रकाशनाला टाळ्या आम्ही कशासाठी वाजवायच्या?

जयभीम!