जनित्र आणि चेंजओव्हर

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आदळले आणि श्रीवर्धनपासून मंडणगड-दापोलीपर्यंत विजेचे खांब आडवे झाले, तेव्हा कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे अंधार होता. त्या दिवसांत ज्यांच्या अंगणात दोन-अडीच केव्हीएचे पेट्रोल जनित्र होते, त्यांच्या विहिरीचे पाणी टाकीत चढले, फ्रीजमधली औषधे टिकली आणि आळीतल्या साऱ्यांचे मोबाइल चार्ज झाले. अशा यंत्राची थोरवी सांगणारे पुष्कळ भेटतात. माझ्या मते मात्र अधिक मान द्यावयाचा तो जनित्र आणि घराचे मीटर यांच्या दरम्यान भिंतीवर बसविलेल्या त्या मुक्या पेटीला, वायरमन मंडळी जिला चेंजओव्हर म्हणतात तिला.

जनित्र महाराष्ट्राला नवे नाही. खडकीचा किर्लोस्कर ऑइल इंजिन्सचा कारखाना १९४६ चा आणि कोथरूडचा किर्लोस्कर कमिन्सचा १९६२ चा. पण ती डिझेलची अवजड यंत्रे गिरण्या, रुग्णालये आणि चित्रपटगृहे यांच्या दिमतीला होती. दोघांनी उचलून न्यावे असे लहान जनित्र, पेट्रोलवर सुरू करून मग केरोसीनवर चालवावयाचे, दुकानांच्या पायऱ्यांवर आणि मंगल कार्यालयांच्या मागील दारी आले ते पुढे, आणि भारनियमनाच्या अंमलात ते मध्यमवर्गीय घरातही रुजू झाले. चेंजओव्हर मात्र त्याच्याबरोबर आला नाही.

त्याच्या जागी आली ती दोन्ही टोकांना पिना असलेली वायर. तिचे एक टोक जनित्रात आणि दुसरे घरातल्या एखाद्या सॉकेटात खुपसण्याची जी रीत गावोगाव रूढ आहे, ती जितकी सोयीची तितकीच प्राणघातक आहे. मेन स्विच पाडण्याचे एकदा विस्मरण झाले, की जनित्राची वीज मीटरमधून उलट वाटेने खांबावर चढते आणि रोहित्रात शिरते. आणि जे रोहित्र, गावात ज्याला डीपी म्हणतात ते, अकरा हजार व्होल्टचा दाब उतरवून आपल्याला २३० व्होल्ट देते, तेच आता विरुद्ध दिशेने चालून आपल्या घरगुती दाबाचे पुन्हा हजारो व्होल्टांत रूपांतर करते. एवढ्याशा यंत्राला गावाचा भार पेलणार नाही, ते आपोआप गुदमरून बंद पडेल, असा युक्तिवाद यावर केला जातो, आणि शाबूत वाहिनीच्या बाबतीत तो बव्हंशी खराही ठरतो. परंतु वादळानंतर वाहिनी शाबूत नसते. चार खांबांपलीकडे तार तुटलेली आणि शेजाऱ्यांचे मेन स्विच बंद, अशा अवस्थेत उरलेल्या तुकड्यावर भार जवळजवळ नसतोच, आणि जनित्र त्या तुकड्यात निर्वेधपणे वीज सोडीत राहते. त्याच वेळी उपकेंद्रातून परमिट घेऊन आणि एबी स्विच उघडून लाइनमन खांबावर चढलेला असतो. काम आरंभण्यापूर्वी डिस्चार्ज रॉडने तार भूमीशी जोडण्याचा नियम हा त्याचा अखेरचा आधार होय. पण पावसात, रात्री, दहा गावांचा तगादा पाठीशी असताना त्याने हा नियम बिनचूक पाळावा, या भरवशावर आपण आपली तजवीज टाळावी, हे मला घोर अन्यायाचे वाटते.

चेंजओव्हरचे कार्य सांगावयास सोपे आहे: घराची वायरिंग एका वेळी एकाच पुरवठ्याला जोडलेली असावी, आणि दोन्ही पुरवठे कोणत्याही कारणाने एकत्र येणे यंत्रतःच अशक्य व्हावे. एकेरी लोहमार्गावर ठराविक गोळा हाती आल्यावाचून चालकाला गाडी पुढल्या खंडात नेता येत नसे, आणि असा गोळा एका वेळी एकच बाहेर निघे. चेंजओव्हरची शिस्त तीच आहे. हाताने फिरवावयाच्या प्रकारात एका बाजूला महावितरण, दुसऱ्या बाजूला जनित्र आणि मध्ये बंद, अशी दांड्याची तीन स्थाने असतात. स्वयंचलित प्रकारात दांड्याची जागा दोन काँटॅक्टर घेतात. त्यांच्यामध्ये एक यांत्रिक अडसर असतो, आणि शिवाय प्रत्येकाच्या कॉइलचा प्रवाह दुसऱ्याच्या सहायक संपर्कातून नेलेला असतो, जेणेकरून एक मिटला असता दुसऱ्याला हुकूमच पोहोचू नये.

आता स्वयंचलित या विशेषणाविषयी. दाब ठरलेल्या मर्यादेखाली गेला, की नियंत्रक काही सेकंद थांबतो, क्षणिक घसरण असेल तर दुर्लक्ष करतो, नंतर जनित्राला सुरू होण्याची आज्ञा देतो, त्याचा दाब आणि वारंवारता स्थिरावली की भार त्याच्याकडे सोपवितो. बाहेरची वीज परतल्यावर ती टिकते की नाही हे काही मिनिटे पाहतो, मगच भार परत करतो आणि जनित्राला थोडा वेळ रिकामे चालवून थंड होऊ देतो. हा सारा इतमाम मनोहर आहे, पण दोरी ओढून सुरू होणाऱ्या जनित्राला ही आज्ञा ऐकूच येत नाही. त्यासाठी बॅटरीवरचा स्टार्टर हवा, चोक आपोआप लागावा-निघावा अशी योजना हवी, आणि टाकीत महिनोन् महिने शिळे झालेले पेट्रोल कार्बुरेटरमध्ये चिकटा धरणार नाही याचा बंदोबस्तही हवा. हे नसेल तर स्वयंचलित पेटी निम्मेच काम करते: जनित्र आपण सुरू करावे, आणि त्याची वीज आलेली पाहून तिने भार बदलावा. हेही कमी नव्हे. तथापि ज्याच्याकडे दोरीचेच जनित्र आहे, त्याने हाताच्या उत्तम चेंजओव्हरवर समाधान मानावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

एका गोष्टीत चांगले वायरमनही चुकतात, आणि ती म्हणजे न्यूट्रल. केवळ फेज बदलून न्यूट्रल सामाईक ठेवला, तर जनित्र चालू असतानाही घराचा एक धागा खांबाशी जोडलेलाच राहतो. म्हणून एक फेजच्या घरात दोन ध्रुवांचा आणि तीन फेजच्या घरात चार ध्रुवांचा चेंजओव्हर घ्यावा. पुष्कळशा लहान जनित्रांत न्यूट्रल अधांतरी असतो, भूमीशी जोडलेला नसतो. अशा वेळी गळती ओळखून वीज तोडणारा आरसीसीबी अपेक्षेप्रमाणे काम करीलच असे नाही, कारण गळलेल्या प्रवाहाला परतीचा मार्गच मिळत नाही. तो न्यूट्रल जनित्रापाशी, एकाच ठिकाणी, अर्थिंगला जोडावा की कसे, हे यंत्राची माहितीपुस्तिका पाहून जाणत्या माणसाने ठरवावे. घरात बॅटरीचा इन्व्हर्टर असेल, तर जनित्राची वीज त्याला मानवते काय हेही आधी पाहावे. यूपीएस मोडवर ठेवलेले काही इन्व्हर्टर लहान जनित्राची अस्थिर वीज नाकारून बॅटरीच खर्चीत बसतात.

भाराचा हिशेब थोडक्यात सांगतो. अडीच केव्हीए म्हणजे २३० व्होल्टवर जेमतेम अकरा अँपिअर, आणि एक अश्वशक्तीचा पंप सुरू होताना क्षणभर नेहमीच्या पाच-सहापट प्रवाह मागतो. सबब दिवे, पंखे, फ्रीज आणि पंप एवढ्यांचीच वेगळी पेटी करून तीच चेंजओव्हरमागे घ्यावी, गीझर आणि एसी बाहेर ठेवावेत.

जनित्र पडवीत, गॅरेजात किंवा खिडकीखाली चालवू नये. त्याच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि झोपलेल्या माणसाला तो जागे होऊ देत नाही. पावसासाठी वर छप्पर असावे, पण बाजू मोकळ्या असाव्यात आणि धूर घरापासून दूर जावा.

ज्यांच्याकडे जनित्र आहे, त्यांना माझी विनंती एवढीच, की येत्या मृगापूर्वी परवानाधारक विद्युत ठेकेदाराला बोलावून चेंजओव्हर बसवून घ्यावा, त्याची वर्दी महावितरणच्या कार्यालयात द्यावी, आणि ती दोन पिनांची वायर त्याच दिवशी कापून टाकावी.