मुलीला सहलीला पाठवताना

मैत्रिणींनो, दिवाळीची सुट्टी संपली की शाळेतून सहलीच्या संमतीपत्रांचे कागद घरी येऊ लागतात. मुलाच्या कागदावर चटकन सही होते. मुलीचा कागद मात्र 'एक रात्र बाहेर राहायचं?' इथं येऊन अडतो. मी अर्धवेळ शिक्षिका, त्यामुळे हे दरवर्षी बघते. वर्गात सर्वांत जास्त प्रश्न विचारणारी मुलगीच नेमकी घरी राहते!

आता पुणे-नगर रस्त्यावरची शनिवार-रविवारची सहलच घ्या ना. लोणीकंदवरून आत वळलं की तुळापूर. भीमा, भामा, इंद्रायणीचा तिथला संगम बघावा तो सकाळी. औरंगजेबाच्या आज्ञेवरून ११ मार्च १६८९ ला संभाजी महाराजांची हत्या झाली, त्या प्रसंगाशी जोडलेलं हे गाव. परत हमरस्त्याला लागलं की पेरणे फाट्याजवळ जयस्तंभ. कोरेगाव भीमाची लढाई १ जानेवारी १८१८ ची, कंपनीची फौज आणि दुसऱ्या बाजीरावाचं सैन्य यांच्यातली. स्तंभावर कामी आलेल्या शिपायांची नावं कोरलेली आहेत. त्यांत 'नाक' हा शेवट असलेली नावं महार शिपायांची. मुलींना ती मोठ्यानं वाचायला सांगावीत. पेशवाईत ज्यांच्या सावलीचाही विटाळ मानला जाई, त्यांची नावं दगडावर आली. १ जानेवारी १९२७ ला डॉ. आंबेडकर इथं आले होते. आजही त्या दिवशी लाखो लोक मानवंदनेला येतात, म्हणून शाळेच्या सहलीला दुसरा दिवस निवडावा.

पूल ओलांडला की कोरेगाव, तिथून जवळच वढू बुद्रुकला शंभूराजांची समाधी. पुढं रांजणगावचा महागणपती. रविवारी शिरूरहून निघोज. कुकडीच्या पात्रात पाण्याबरोबर गरगर फिरणाऱ्या गोट्यांनी काळ्या कातळात केवढाले रांजण कोरलेत! मात्र खडक निसरडे आणि कुंड खोल. काठाशी जायचं नाही, हे मुलींना बजावून सांगा.

काळजी वाटणारच हो, आईच आपण! पण नकार देण्याआधी शाळेत जाऊन विचारा: बरोबर बाई किती? मुक्काम कुठं? मुलींच्या खोल्यांशेजारी कोण झोपणार? गाडी एस.टी.ची की खाजगी? उत्तरं नीट मिळाली तर सही करा. नाही मिळाली तर चार आयांनी मिळून मुख्याध्यापकांना भेटा.

डब्यात दुधात भिजवलेल्या पिठाच्या दशम्या आणि शेंगदाण्याची कोरडी चटणी द्या. दुसऱ्या दिवशीही चांगली लागतात. गाडी लागत असेल तर पुढचं बाक आणि तोंडात आवळासुपारी. अडचणीचे दिवस जवळ आले असतील तर पॅड, जादा कपडे आणि एक कागदी पिशवी आठवणीनं ठेवा. त्यासाठी सहल चुकवायचं कारण नाही.

आणि परत आल्यावर 'पैसे किती उरले?' हे मागाहून विचारा. आधी विचारा, स्तंभावरचं कुठलं नाव लक्षात राहिलं?