रेडी : मीठ, लोखंड आणि मूर्ति

कोंकणांत सहकुटुंब जाणारी मंडळी बहुधा समुद्रस्नान, नारळीपोफळींची शोभा आणि कुलदैवताचें दर्शन एवढ्याचसाठीं जातात. त्यांत वावगें कांहींच नाहीं. परंतु ज्या भूमीवर आपण चालतों तिच्या पोटांत काय आहे, आणि तें काढून घेतल्यावर मागें काय उरतें, हें पाहावयाचें असेल तर सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या दक्षिण टोंकास असलेल्या रेडी या गांवीं मुद्दाम जावें, असें आम्हांस वाटतें.

वेंगुर्ल्याहून किनाऱ्याच्या वाटेनें दक्षिणेस निघालें म्हणजे प्रथम वेतोबाची आरवली व लगेच शिरोडें लागतें. याच शिरोड्यास वि. स. खांडेकर हे १९२० पासून १९३८ पर्यंत शिक्षक होते, आणि येथेंच १९३० च्या मे महिन्यांत मिठाचा सत्याग्रह झाला. येथील मिठागरांची रीत मुलांना अवश्य समजावून सांगावी. भरतीचें पाणी आगरांत घ्यावयाचें, तें उन्हानें आटवावयाचें, आणि खालीं बसलेलें मीठ ओढून ढीग घालावयाचे. पावसाळा आला कीं आगर बुडतें; पाऊस सरला कीं तेंच काम पुन्हां नव्यानें सुरू. समुद्र देतो, आणि दिल्यानें उणा होत नाहीं.

शिरोडें मागें टाकून रेडीच्या हद्दींत शिरतांच रस्त्याचा रंग पालटतो. लाल माती कोंकणांत सर्वत्रच आहे. वर्षाकांठीं तीन मीटरांच्या आसपास पडणारा पाऊस युगानुयुगें खडकांतील विरघळणारीं द्रव्यें धुऊन नेतो व लोखंडाचा अंश मागें ठेवतो; म्हणून जांभा म्हणजे एका परीनें गंजलेलें लोखंडच होय. रेडीच्या टेकड्यांत मुळांतच लोखंडाचें प्रमाण मोठें असल्यामुळें तेथें खाणी निघाल्या. डोंगर पायऱ्या पायऱ्यांनीं खणावयाचा, निरुपयोगी माती बाजूस रचावयाची, खनिज ट्रकांनीं बंदरावर न्यावयाचें, तेथून बार्जमध्यें भरून खोल पाण्यांत उभ्या राहिलेल्या जहाजावर चढवावयाचें, अशी ही पद्धति. मिठासारखें हें काम मात्र पुन्हां नव्यानें होत नाहीं. एकदां उचललेली टेकडी पुढच्या हिवाळ्यांत उगवत नाहीं. तिच्या जागीं खड्डा राहतो व त्यांत पावसाचें पाणी सांचतें.

अशाच एका खाणींत १९७६ च्या एप्रिलमध्यें खोदकाम चालू असतां जांभ्या दगडांत कोरलेली गणपतीची भव्य मूर्ति उघडी पडली. ती द्विभुज आहे, उंची पुरुषभर. पुढें जवळच मूषकही सांपडला. ज्या जागीं मूर्ति निघाली त्या जागींच देऊळ उभें राहिलें, आणि आज दूरदूरचे भाविक तेथें येतात. देवदर्शन करून बाहेर आल्यावर क्षणभर भोंवतालीं पाहावें. ज्या कुदळीनें देव बाहेर आला त्याच कुदळीनें टेकडीही गेली आहे.

गांवापासून जवळच यशवंतगड आहे. वडांच्या मुळांनीं कवटाळलेल्या त्याच्या भिंती याच जांभ्या दगडाच्या. थोडें पुढें गेलें म्हणजे तेरेखोलचा किल्ला येतो. तो खाडीच्या अलीकडे असूनही गोव्याच्या हद्दींत मोडतो. १९५४ सालीं १५ ऑगस्ट रोजीं गोमंतकीय सत्याग्रह्यांनीं त्यावर तिरंगा फडकविला होता.

खाणीच नकोत, असें म्हणणें शहरांत बसून सोपें आहे. ज्या घराची चूल ट्रकच्या फेरीवर पेटते, त्या घरास तें कसें पटावें? शेजारच्या गोव्यांत २०१२ व पुन्हां २०१८ सालीं खाणी बंद झाल्या, तेव्हां ट्रकवाले, बार्जवाले व खाणावळवाले सर्वांचेच हाल झाले. उलट, याच सिंधुदुर्गांतील कळणे येथें २०२१ च्या जुलैंत खाणीचा बांध फुटून चिखलपाणी लोकांच्या शेतांत व बागांत शिरलें. मजुरी एकाची व नुकसान दुसऱ्याचें, असा हा व्यवहार होऊन बसतो.

यावर आमच्या पूर्वजांनीं विचार केला नव्हता असें नाहीं. भूमीस आपण वसुंधरा म्हणतों, म्हणजे वसु, धन, धारण करणारी. अथर्ववेदांतील भूमिसूक्ताचा ऋषि खणण्यास नकार देत नाहीं. मात्र खणलेली जागा लौकर भरून यावी व भूमीच्या मर्मास धक्का लागूं नये, एवढें तो मागतो. आजचा कायदाही निराळें सांगत नाहीं. २००३ पासून खाण बंद करतांना जमीन पूर्ववत् करण्याची योजना खाणवाल्यानें देणें आवश्यक झालें आहे, आणि २०१५ च्या दुरुस्तीनें खाणबाधित गांवांसाठीं जिल्हा खनिज प्रतिष्ठानाकडे पैसा भरणें त्याच्यावर बंधनकारक झालें. तेव्हां नियमाची उणीव नाहीं. तो पाळला जातो कीं नाहीं हें विचारणाऱ्यांची उणीव आहे. तें विचारण्याचा भार एकट्या रेडीकरांवर टाकूं नये. त्या लोखंडाचे खांब, तवे आणि खिळे आपणां सर्वांच्याच घरांत आहेत.

जाणें तें कार्तिकापासून फाल्गुनापर्यंत जावें. पाण्यानें भरलेल्या खाणींच्या कांठाशीं मुलांना फिरकूं देऊं नये. कडा ठिसूळ असतात. मीठ आणि लोखंड हीं दोन्ही एकाच दिवसांत पाहून होतात. भूमीकडून घेण्याच्या या दोन रीतींपैकीं कोणती कोठें चालते, याचा निवाडा घरीं परतल्यावर मुलांकडूनच करवून घ्यावा. मोठ्यांनीं मध्यें बोलूं नये.