जादा बैलजोडी

आषाढी वारीत ज्ञानोबा माउलींची पालखी पुण्याहून सासवडला निघाली, की दिवे घाटाच्या चढाला रथाला जादा बैलजोड्या जुंपतात. रथ तोच असतो, पण घाट वेगळा जोर मागतो. एरवी वर्षभर याच घाटात खताची पोती, सिमेंट, सळया लादलेल्या पिकअप सासवडकडे चढत असतात. दुसऱ्या गिअरमध्ये घरघरणाऱ्या त्या गाडीच्या ड्रायव्हरलाही जादा जोडी हवी असते. ती बॉनेटखाली शोधून देणारी कारागिरी म्हणजे इंजिनाचं ट्यूनिंग.

ही कारागिरी पुण्यात रुजली, कारण हे इंजिनांचंच गाव आहे. खडकीत 1946 साली किर्लोस्कर ऑइल इंजिन्स उभी राहिली, 1962 मध्ये कोथरूडला कमिन्स आली. 1966 हे वर्ष टेल्को या वाहन कंपनीच्या पुण्यातल्या कारखान्याचं आणि वेताळ टेकडीवरच्या एआरएआय या वाहन संशोधन संस्थेचंही. टेल्कोने 1988 मध्ये टाटामोबाइल ही पिकअप आणली. जेमतेम दोन लिटरचं डिझेल इंजिन, टर्बो नाही. गाडी दणकट होती, पण भरून घाटाला लागली की जीव मेटाकुटीला यायचा. मग मालक पंपवाल्याकडे, म्हणजे इंजिनाला डिझेल पुरवणारा पंप दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीकडे जायचा.

‘डिझेल पंप व नोझल रिपेअरिंग’ अशी पाटी असलेलं दुकान आत जाऊन पाहण्यासारखं असतं. भिंतीलगत टेस्ट बेंच असतो. त्यावर गाडीचा पंप बांधतात आणि मोटर त्याला फिरवते. पंपाच्या चार तोंडांतून उडणारं तेल आखलेल्या चार काचेच्या नळ्यांत उतरतं. ठरलेले फटके झाले की बेंच थांबतो, तेलावरचा फेस बसतो आणि मिस्त्री डोळे नळ्यांच्या पातळीला आणून माप वाचतो. एक नळी जरी खाली राहिली, तरी तो सिलिंडर गाडीत गेल्यावर लंगडणार. मिस्त्री त्या नळीला तेल देणाऱ्या पंपातल्या एलिमेंटची पकड किंचित सैल करतो, केसभर फिरवतो, पुन्हा आवळतो आणि बेंच पुन्हा चालू करतो. चारही नळ्या एका रेषेत येईपर्यंत हेच चालतं.

कमाल डिझेल ठरवणाऱ्या स्क्रूवर कंपनीचं शिशाचं सील असतं. ते तोडून स्क्रू थोडा आत घेतला की ‘पंप वाढला’. डिझेल इंजिनात ताकद ठरते ती प्रत्येक फटक्याला किती डिझेल आत गेलं त्यावर. पण एक किलो डिझेल नीट जळायला साधारण साडेचौदा किलो हवा लागते. हवा तेवढीच ठेवून डिझेल वाढवलं, तर जास्तीचा कार्बन काळा धूर होऊन बाहेर पडतो. गाडी थोडी जास्त खेचते, पण ॲव्हरेज बसतं आणि इंजिन तापतं. धूर म्हणजे ताकद हा समज त्या दिवसांतला, आणि तो अजून पुरता गेलेला नाही.

इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या टर्बोने हवेचा प्रश्न सोडवला. 1997 मध्ये अल्फा रोमिओ 156 या गाडीतून कारमध्ये कॉमन रेल, म्हणजे सगळ्या नोझलना दाबाखालचं डिझेल पुरवणारी एकच सामाईक नळी, आलं आणि स्क्रूच्या जागी कॉम्प्युटर बसला. आज इसुझू डी-मॅक्स व्ही-क्रॉस किंवा टोयोटा हायलक्स ट्यूनिंगला आली, की आधी बॉनेट उघडत नाही, लॅपटॉप उघडतो. इसीयू म्हणजे इंजिनाचा हा कॉम्प्युटर; त्यातली फाइल वाचली की पडद्यावर तक्ते दिसतात. आडवे इंजिनाचे फेरे, उभा पेडलचा दाब, प्रत्येक चौकटीत एक आकडा. रेलमधला दाब, टर्बोचा बूस्ट, टॉर्कची मर्यादा, धुराची मर्यादा, अशा सगळ्यांचे तक्ते निराळे. हे आकडे बदलणं म्हणजे रिमॅप. स्वस्तातला ट्यूनिंग बॉक्स वेगळी वाट धरतो. तो रेलचा दाब खऱ्यापेक्षा कमी असल्याचं इसीयूला भासवतो आणि इसीयू बिचारा दाब वाढवत राहतो.

भारतात 2016 मध्ये आलेल्या व्ही-क्रॉसच्या अडीच लिटर इंजिनाची ताकद साधारण 135 पीएस होती. 2022 मध्ये आलेल्या हायलक्सचं 2.8 लिटरचं इंजिन 204 पीएस देतं, ऑटोमॅटिकमध्ये 500 न्यूटन-मीटर टॉर्कसह. अशा इंजिनांतून आणखी ताकद निघते, पण ती रिमॅपने नव्याने घातलेली नसते. ती कंपनीने राखून ठेवलेली शिल्लक असते. खराब डिझेल, मे महिन्याचं ऊन, विरळ हवेचा डोंगर, तुंबलेला एअर फिल्टर, ऑइल बदलायला विसरलेला मालक, या सगळ्यांसाठी ती ठेवलेली असते. पूर्ण भाराला एक्झॉस्टचं तापमान 700 अंशांच्या वर जातं. पिस्टन असतो ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा, आणि शुद्ध ॲल्युमिनियम 660 अंशांनाच वितळतं. मधे वाचवणारं असतं ते फक्त ऑइल, पाणी आणि पुरेशी हवा. म्हणूनच किती काढलं यापेक्षा किती शिल्लक ठेवलं, यावरून मी मिस्त्री जोखतो. जुन्या पंपवाल्याचं बोट स्क्रूवर थांबायचं, नव्याचं कीबोर्डवर थांबायला हवं. कसब तेच.

या थांबण्याला आता कायद्याचीही चौकट आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 नोंदणी पुस्तकातला मूळ तपशील बदलेल असा फेरफार मालकाला करू देत नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने नियमबाह्य फेरफाराला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफाराला पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. एप्रिल 2020 पासूनच्या बीएस-6 डिझेल गाड्यांत काजळी अडवणारा डीपीएफ असतो. तो पोकळ करून ‘पिकअप वाढवून’ देणारे ताकद विकत नाहीत, मागच्या दुचाकीवाल्याचं फुप्फुस विकतात. वेताळ टेकडीवर एआरएआयच्या रोलरवर गाडी चालवून धुरातलं जे मोजलं जातं, त्याची किंमत टेकडीखाली श्वास घेणाऱ्या शहराने तरी जाणली पाहिजे.

तरी या कारागिरीबद्दल माझ्या मनात आदरच आहे. झिजलेला पंप पुन्हा मापात आणणं, गळका नोझल बदलणं, टर्बोच्या पाइपातली गळती शोधणं, हेही ट्यूनिंगच आहे आणि ते पूर्ण कायदेशीर आहे. ‘गाडीत दम राहिला नाही’ म्हणत आलेल्या मालकाची हरवलेली ताकद बहुतेकदा इथेच सापडते. चांगला मिस्त्री आधी एअर फिल्टर काढून उजेडासमोर धरतो, लॅपटॉपला नंतर हात लावतो.

दिवे घाट चढून झाला की माउलींच्या रथाच्या जादा जोड्या सोडतात. त्यांना तसंच पुढे पिटाळत नेत नाहीत, कारण उद्याही वाट चालायची असते.