'मूड'चा जुना पत्ता : हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजी कवितेत मन कुठे राहायचं?

'आज मूड नाही' असं आपण सहज टाइप करतो. हा 'मूड' आलाय जुन्या इंग्रजीतल्या 'मोड' या शब्दातून. पण तेव्हा त्याचा अर्थ घटकाभराची लहर एवढाच नव्हता. मन, धैर्य, कधी कधी गर्वसुद्धा त्यात यायचा. आणि हे 'मोड' डोक्यात नाही, तर छातीत राहायचं.

ही जुनी इंग्रजी आज इंग्रजांनाही शिकल्याशिवाय वाचता येत नाही. तिच्यातल्या बहुतेक कविता फक्त चार हस्तलिखितांमुळे टिकल्या. त्यातलं एक म्हणजे दहाव्या शतकातलं 'एक्सेटर बुक'. ते इंग्लंडमधल्या एक्सेटर कॅथेड्रलमध्ये आजही आहे.

या कवींना दोन शब्द जोडून नवा शब्द करायची भारी हौस. मनासाठी त्यांनी केलेला एक शब्द म्हणजे 'ब्रेओस्टहॉर्ड', अर्थात छातीतला खजिना. दुसरा 'हॉर्डकोवा', खजिन्याची खोली. 'बेओवुल्फ' या महाकाव्यातला ड्रॅगन ज्या सोन्यावर पहारा देतो, त्यालाही 'हॉर्ड'च म्हटलंय. शब्दांचाही असाच साठा असायचा, त्यामुळे बोलायला लागणं म्हणजे त्याचं कुलूप उघडणं.

पण छाती म्हणजे नुसती तिजोरी नव्हती. ती तापायची, उकळायचीही. ड्रॅगनने घर जाळल्यावर बेओवुल्फची छाती काळ्या विचारांनी आतून उसळते. मराठीत राग डोक्यात जातो आणि दुःख उरात दाटतं. या कवींनी दोन्ही छातीतच ठेवलं.

मग हे फक्त रूपक होतं का? अभ्यासक लेस्ली लॉकेट यांनी 2011 च्या पुस्तकात वेगळी मांडणी केली. त्यांच्या मते, मन छातीत असतं आणि भावनेने तापून फुगतं, ही तेव्हाच्या सामान्य माणसाची खरीखुरी समजूत होती. म्हणजे आपण ज्याला अलंकार म्हणतो, ते त्यांच्यासाठी शरीरशास्त्र होतं!

एक्सेटर बुकमधल्या 'द सीफेअरर' या कवितेत तर मन छातीचं कुंपण ओलांडून देवमाशांच्या समुद्रावर भरारी मारतं आणि हावरं होऊन परत येतं.

याच हस्तलिखितातली 'द वॉन्डरर' मात्र जास्त चटका लावते. (हे नाव नंतरच्या संपादकांनी दिलेलं, मूळ कवितेला शीर्षकच नाही.) यातल्या माणसाचा धनी मेलाय, सोबती गेलेत. बर्फाळ समुद्रावर तो एकटा भटकतोय. झोपेत त्याला दिसतं, की आपण धन्याला मिठी मारतोय, त्याच्या गुडघ्यावर डोकं टेकवतोय. जाग येते तेव्हा समोर फक्त समुद्रपक्षी, हिम आणि गारा.

मनातलं सांगावं असं कुणी जिवंतच उरलेलं नाही. त्यात खानदानी माणसाने छातीची पेटी घट्ट बंद ठेवावी, हा रिवाज. गंमत अशी, की हा रिवाज सांगता सांगताच तो सगळं बोलून टाकतो. आणि शेवटाकडे पुन्हा बजावतो, की उपाय आधी ठाऊक असल्याशिवाय माणसाने छातीतलं दुःख घाईने बाहेर काढू नये.